पासबुक आधी, प्रस्ताव मग

प्रश्न : बाई, आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. निम्म्याहून जास्त वस्ती तडवींची, म्हणजे मुस्लिम आदिवासींची, वरच्या पाड्यावर पावरा आदिवासी. दोन बचत गट, आशाताई, मशीद कमिटीतले चार जण आणि पाड्यावरची जुनी दाई असे मिळून आम्ही 'आरोग्य मंच' केला आहे. गरोदर बायांना तपासणीला नेतो, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या शिबिराला माणसं गोळा करतो. आता सरकारी अनुदानासाठी फिरतोय. आदिवासी योजनेचं विचारलं की म्हणतात, तुम्ही मुस्लिम, अल्पसंख्याकात बघा. तिकडे गेलो की म्हणतात, तुम्ही तर आदिवासी. एक जण 15,000 रुपयांत संस्था रजिस्टर करून प्रस्तावाची फाइल बनवून देतो म्हणतो. द्यावेत का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नाही भाऊ, ते 15,000 कुणाच्या हातावर ठेवू नका. तेवढ्यात तुमच्या पाड्यावरच्या बाया वर्षभर तपासणीला जाऊन येतील.

आधी त्या दोन दारांचं बोलू. तडवी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. मुस्लिम हा केंद्राने अधिसूचित केलेल्या सहा अल्पसंख्याक समाजांपैकी एक. अनुसूचित जातीच्या दाखल्याला धर्माची अट आहे, जमातीच्या दाखल्याला ती नाही. म्हणजे दोन्ही दारं तुमचीच आहेत आणि एकाचं नाव सांगून दुसरं बंद करण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाला नाही. पण तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं. अर्ज लेखी द्या, तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि नकार असेल तर तोही लेखी मागा. मी 31 वर्षं आधी नर्स आणि मग आरोग्य सहायिका म्हणून चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात काढली. शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर देताना साहेब आधी नियम वाचतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता पैशाचं. पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, म्हणून मीच विचारते. तुमच्या गावाच्या आरोग्य समितीचं पासबुक तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर नक्की असेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झालं, तेव्हापासून प्रत्येक महसुली गावाला ही समिती आणि तिच्या खात्यावर वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी अशी योजना आहे. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. आधीची रक्कम पडून राहिली तर पुढच्या वर्षी तेवढी कमी येते. त्यामुळे न खर्चणाऱ्या गावाला पुढे काही मिळतच नाही, आणि लोक म्हणतात सरकार पैसा देत नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते, तेही ऐका. 2009 चा पावसाळा. माझ्या हद्दीतल्या एका गावात रात्री बाई अडली. पहिलटकरीण, वय एकोणीस. तेव्हा 108 ची गाडी महाराष्ट्रात यायची होती. गावात एकच जीप, आणि जीपवाल्याने 700 रुपये आधी मागितले. नवरा केळीच्या बागेत रोजाने जाणारा. सासूने पायातले चांदीचे वाळे काढले आणि गहाण ठेवायला माणूस पाठवला. त्यात दीड तास गेला. बाई वाचली, मूल गेलं. दुसऱ्या दिवशी मी समितीचं पासबुक मागवलं. शिल्लक 9,400 रुपये. दोन वर्षांत एक रुपया काढलेला नव्हता. सह्या करणाऱ्या दोघांपैकी एक जण मला म्हणाला, "बाई, कायले खर्चाचा? ऑडिटवाले इचारतीन." त्याचा दोष मी कमी मानते. तो निधी अशाच रात्रीसाठी आहे, हे त्याला सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. तो आकडा मला आजही पाठ आहे.

पुढच्याच महिन्यात आम्ही ठराव केला : आशाताईच्या हातात कायम 1,000 रुपये रोख, तातडीच्या गाडीसाठी. खर्च झाला की पावती जोडून पुन्हा भरायचे. पावती नसेल तर जीपवाल्याची सही किंवा अंगठा असलेला साधा कागद. ऑडिटला ते चाललं. आता 108 आहे, तरी पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळीतून आणायला चार माणसं लागतात आणि त्यांचा अर्धा रोज बुडतो.

म्हणून तुमच्या मंचाचं पहिलं काम मी असं सांगेन. दोन बचत गटांतल्या दोन बाया आणि त्या दाईबाई यांना समितीत घ्या. समितीत निम्म्या तरी बाया असाव्यात असा नियमच आहे, त्यामुळे कुणी अडवायचं कारण नाही. मग मासिक बैठकीत पासबुक मागा. भांडणाच्या सुरात मागू नका, सरपंच नि अंगणवाडी सेविका दोघंही तुमच्याच गावची आहेत. नाहीच दाखवलं, तर माहितीचा अधिकार आहे : 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर.

दुसरं खातं पेसाचं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचं. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली सगळी नाही, काहीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तुमचं गाव त्यात आहे का, हे ग्रामसेवकाला विचारा. असेल, तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तो चार वाट्यांत खर्चायचा असतो आणि त्यातला एक वाटा आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षणाचा. त्याचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. ग्रामसभेला तुमच्या मंचाच्या पन्नास बाया बसल्या तर तो वाटा शाळेच्या रंगाला जाईल की पाड्यावरच्या तपासणीला, हे त्याच ठरवतील. बाजाराच्या दिवशी ग्रामसभा ठेवली असेल तर तारीख बदलून मागा.

अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा मोठा कार्यक्रम म्हणजे प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम. 2018 साली त्याला हे रूप आलं, तेव्हाच 80 टक्के पैसा शिक्षण, आरोग्य आणि कौशल्यावर असं ठरलं. पण त्यातून इमारती उभ्या राहतात, तुमच्या मंचाला मानधन मिळत नाही. आरोग्य उपकेंद्राची इमारत, प्रसूतीची खोली, अशी सरकारी जागेवरची आणि सरकारी मालकीची कामं त्यात बसतात. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीतून वर जातो. तुमच्या उपकेंद्राचं छत गळत असेल किंवा बाळंतपणाला आडोसा नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून द्या. फिरत्या दवाखान्याची आशा त्यातून धरू नका.

सिकलसेलच्या तपासणीसाठी अनुदान मागू नका. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची, 2047 पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा, असं त्यात ठरलं आहे. तपासणी फुकट आहे आणि ते सरकारनेच करायचं काम आहे. सरकारला जमत नाही ते पुढचं. पोरगा वाहक निघाला, म्हणजे स्वतःला आजार नाही पण मुलांना देऊ शकतो, आणि त्याच्यासाठी बघितलेली पोरगीही वाहक निघाली, तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता पूर्ण आजाराची. ही गोष्ट लग्न ठरायच्या आधी दोन्ही घरांत जाऊन, कुणाची अब्रू न जाता सांगायला तुमची दाईबाई लागते, मशीद कमिटीतला जाणता माणूस लागतो. निधी मागायचाच तर या कामाच्या जाण्यायेण्याला आणि बुडालेल्या रोजाला मागा. माझ्या मते तुमच्या मंचाचं खरं मोल तिथे आहे.

संस्था रजिस्टर करायची असेल तर पुढच्या वर्षी करा. सात जण लागतात, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सरकारच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी फुकट असते. तोवर एक वर्ष समितीच्या 10,000 चा चोख हिशेब ठेवा. तीच वही पुढे तुमच्या प्रस्तावाला जोडायला कामी येईल.

प्रश्न : आमची संस्था धडगाव तालुक्यात पाच वर्षांपासून रजिस्टर आहे. फिरत्या दवाखान्यासाठी अनुदान मिळतं का?
— एक कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : मिळतं, ताई. केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाची स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणारी योजना आहे आणि फिरता दवाखाना तिच्यात बसतो. नोंदणीला तीन वर्षं झालेली हवीत, ती तुमची झाली आहेत. एरवी 90 टक्के सरकारचे आणि 10 टक्के संस्थेचे असतात, अनुसूचित क्षेत्रात पूर्ण 100 टक्के मिळतात, आणि अख्खा धडगाव तालुका त्यात येतो. मात्र पैसा हप्त्याने येतो. पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. मधल्या महिन्यांत ड्रायव्हरचा पगार कुठून देणार, हे गाडी घ्यायच्या आधी ठरवा. पगार थकला की ड्रायव्हर जातो, गाडी उभी राहते आणि पाड्यांवरच्या लोकांचा विश्वास उडतो.

2007 साली राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. दवाखान्याचं प्रगतिपत्रक गावाने भरायचं, हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर ते मांडायचं. तुमच्या भागात त्या काळात काम केलेली माणसं अजून असतील. त्यांना शोधा. गाडी कुठल्या पाड्यावर कुठल्या वारी थांबावी, हे ती तुम्हाला नकाशाशिवाय सांगतील.

प्रश्न : आम्ही धुळ्यात यंत्रमागाच्या वस्तीत राहतो. वस्तीत टीबीचे पेशंट बरेच. आम्ही बारा बाया एकत्र काम करतो, रजिस्टर नाही. आम्हाला काही मिळेल?
— एक वाचक, धुळे

उत्तर : रजिस्टर व्हायची गरज नाही, बहिणी. शहरी आरोग्य अभियानात वस्तीतल्या 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला 5,000 रुपये अबंधित निधी मिळतो. तुमच्या भागाच्या शहरी आरोग्य केंद्रात जाऊन तुमच्या गल्लीची समिती आहे का ते विचारा. नसेल तर तुम्ही बारा जणीच ती व्हा. कागदावर आधीच असेल तर नावं कुणाची आहेत ते वाचून या.

टीबीच्या प्रत्येक पेशंटला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये पोषणासाठी खात्यात येतात. ऑक्टोबर 2024 पर्यंत ते 500 होते. ज्यांचे अडकले आहेत त्यांचं बहुतेक आधार किंवा बँक खात्याचं जुळलेलं नसतं. लूम बंद असतात त्या दिवशी सगळ्यांची पासबुकं एका घरात गोळा करा आणि आरोग्य केंद्रातल्या टीबीच्या माणसाला तिथेच बोलवा. औषधाच्या सूचना उर्दूत हव्या असतील तर त्या 5,000 मधून छापता येतील. मजकूर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि अक्षर मोठं ठेवा. मागावरच्या माणसाला संध्याकाळी बारीक दिसत नाही.