शंका-समाधान : आजारपणातली मिस्सा आणि अर्धवट नवस

प्रश्न : सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकते, गायनवृंदही सुटला. देवाला उरलंसुरलंच देतेय असं वाटतं. त्यांच्यासाठी घरी कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) आणायचं तर तयारी काय करावी? – एक गृहिणी, वसई

उत्तर : आधी मिस्सेचं. आजाऱ्याची देखभाल हे मिस्सेला न जाण्याचं सबळ कारण आहे. त्यात पाप नाही. तासभर बसायला कुणी मिळालं तर शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली जाते.

उरलंसुरलं म्हणाल, तर दर दोन तासांनी कूस बदलून देणं ही काही उरलीसुरली सेवा नव्हे. 1844 साली फ्रान्समधल्या व्हाल्सच्या जेजुइट या धर्मसंघाच्या विद्यार्थ्यांना मिशनला जायची घाई झाली होती आणि अभ्यास नकोसा झाला होता. फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं, तो अभ्यासच देवाला द्या. सकाळच्या अर्पणाची चळवळ तिथून वाढली. उठल्यावर एका वाक्यात आजची प्रार्थना, काम, आनंद आणि दुःख देवाच्या हाती द्या. अर्धा मिनिट पुरतं.

आता तयारी. खाटेजवळ लहान टेबल, त्यावर पांढरं स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा पेला, चमचा. औषधांच्या बाटल्या आधीच हलवा, टीव्ही बंद करा. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासासाठी पेज किंवा गोळ्या थांबवू नका : कॅनन कायद्याच्या (कॅथोलिक चर्चच्या नियमसंहितेच्या) नियम 919 नुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे यांना ती अट नाही. म्हणजे तुम्हालाही नाही. फादरांना आधी कळवून तुम्हीही घ्या.

खरी अडचण गिळण्याची. सासूबाईंना उशा लावून बसतं करा. ठसका लागत असेल तर कम्युनियन घेऊन येणाऱ्या सेवकाला आधीच सांगा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाही पूर्ण कम्युनियन असतो. त्यावर चमचाभर पाणी द्यावं. पाण्यानेच ठसका लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं घट्ट पेय द्या. तुकडा अजिबातच गिळता येत नसेल तर फक्त द्राक्षरसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं, पण त्यासाठी फादरांशी दोन-तीन दिवस आधी बोलायला हवं. तुकडा तोंडाबाहेर आला तर कागदात गुंडाळून टाकू नका. स्वच्छ पाण्याच्या वाटीत ठेवा आणि ती वाटी सेवकाकडेच सोपवा. ‘नंतर देऊ’ म्हणून देव्हाऱ्यात ठेवून घेणं तर नकोच. हे मात्र घराघरांतून होतं.

प्रश्न : नोकरी लागली तर वर्षभर रोज मिस्सा, असा नवस बोललो होतो. तीन महिने पाळला. आता रात्रपाळी आली. दानपेटीत पैसे टाकून मोकळं होता येईल का? – एक तरुण, नालासोपारा

उत्तर : मनाशी नुसतं ‘जाईन’ ठरवलं होतं की देवाला तसा शब्द दिला होता, ते आधी आठवा. नियम 1191 प्रमाणे विचारपूर्वक, मोकळ्या मनाने देवाला दिलेलं वचन म्हणजे नवस. नुसता बेत असेल तर तो मोडल्याने नवस मोडत नाही.

शब्द दिला असेल तर तो बांधतो. मात्र त्याच्या बदली तितकंच किंवा त्याहून मोठं सत्कृत्य तुम्ही स्वतः निवडू शकता (नियम 1197). हलकं काही हवं असेल तर ते आपल्या मनाने ठरवता येत नाही, आणि शंभराची नोट नऊ महिन्यांच्या मिस्सांच्या तोडीची आहे असं म्हणणं जरा धाडसाचंच! तुमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना योग्य कारणासाठी नवसातून सूट देण्याचा अधिकार आहे. जाताना नवसाचे नेमके शब्द, झालेले महिने आणि पाळ्यांचं वेळापत्रक सांगा. बहुधा सुट्टीच्या दिवसांवर निभावेल असा मार्ग निघतो.

उत्साहाच्या भरात असलेल्याला घाईने नवस करू देऊ नये, असं जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातल्या चौदाव्या सूचनेत सांगतात. पुढच्या वेळी तीच गोष्ट आधी महिनाभर, नवस न बोलता करून पाहा.