मधल्या सर्व्हिसकडं किल्ल्या कुणाकुणाच्या?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही तिघं मित्र राजारामपुरीत एक खोली घेऊन काम करतोय. चप्पल लाईनच्या दुकानदारांसाठी एक मधली सर्व्हिस बनवलीय, म्हणजे दुकानाच्या साईटवर ऑर्डर आली की ती आमच्याकडं येते आणि आम्ही ती पुढं कुरियरला, बिलिंगला आणि दोन ऑनलाईन बाजारांना पाठवतो. दुकानदार चपलेच्या फोटोची लिंक टाकतो, तो फोटोपण आमचाच सर्व्हर ओढून आणतो. एचटीटीपीएस आहे, प्रत्येक दुकानाला वेगळं टोकन, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त नंबर, आहे. एका सीनियरनं बघितलं आणि म्हणाला हे असं उघड्यावर ठेवू नका, पण नेमकं काय चुकलंय ते सांगायला त्याला वेळ नव्हता. काय राहिलंय? मी २४ वर्षांचा आहे, अरेतुरे केलं तरी चालेल.

उत्तर: सीनियर बरोबर बोलला, आणि मला वाटतं त्याची नजर पहिल्यांदा त्या फोटोच्या लिंकवरच गेली असणार. बघ, लिंक दुकानदार देतो पण ती उघडायला जातो तुझा सर्व्हर. म्हणजे बाहेरचा माणूस पत्ता सांगतो आणि आतला माणूस उठून तिथं जातो. आता कुणी फोटोच्या जागी १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता टाकला तर? बऱ्याच क्लाऊडवर हा पत्ता त्या मशीनची स्वतःची माहिती देतो, बाहेरून तो लागतच नाही, फक्त त्या मशीनवरूनच लागतो, आणि मशीनला एखादा रोल, म्हणजे ठरावीक कामांचे अधिकार, दिलेला असेल तर त्याच्या तात्पुरत्या किल्ल्यापण तिथंच मिळतात. तुझा सर्व्हर इमानदारीत जाऊन त्या घेऊन येईल आणि फोटो म्हणून हातात देईल. ह्याला एसएसआरएफ (सर्व्हर-साईड रिक्वेस्ट फोर्जरी) म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा डेटा गेला तो ह्याच वाटेनं, अमेरिकेतले सुमारे १० कोटी आणि कॅनडातले सुमारे ६० लाख लोक त्यात सापडले, पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉननं आपल्या क्लाऊडवर त्या पत्त्यासाठी आधी टोकन मागून घ्यायची नवी पद्धत आणली. तुमचं मशीन तिथं असेल तर जुनी पद्धत आजच्या आज बंद करून टाक.

तू म्हणशील की लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःकडंच जाणारा पत्ता, ब्लॉक करतो, झालं. नाही होत भावा. १२७.०.०.१ हाच पत्ता २१३०७०६४३३ असा एका आकड्यातपण लिहिता येतो, आयपीव्ही६ ह्या नव्या पत्ता-पद्धतीत त्याचं रूप अजून वेगळं. पत्ता चांगला देऊन तिथून रिडायरेक्ट मारता येतो, म्हणजे तुझ्या सर्व्हरला दुसऱ्याच पत्त्याकडं वळवता येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोमेनचं नाव तू तपासलंस तेव्हा एक आयपी (आकड्यांतला पत्ता) देतं आणि अर्ध्या सेकंदानं खरंच जोडायला गेलास की दुसराच देतं. म्हणून वाईट पत्त्यांची यादी करत बसायचं नाही. मला विचारशील तर लिंकच घेऊ नको, दुकानदाराला मोबाईलमधून फोटो सरळ अपलोड करू दे, त्याला तेच सोपं जातं. लिंक घ्यावीच लागली तर नाव एकदाच आयपीमध्ये बदल, तो आयपी खाजगी किंवा आतला नाही ना ते बघ, मग त्याच आयपीला जोड, रिडायरेक्ट बंद ठेव, आणि हे काम अशा वेगळ्या मशीनवर कर जिथं एकही किल्ली नाही आणि जिथून आतल्या नेटवर्कला जायची वाट फायरवॉलनं बंद आहे.

आता दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते कोडमध्ये चूक म्हणून दिसतच नाही. कुरियरकडं तुमचं एकच मोठं टोकन असणार, सगळ्या दुकानांसाठी. अ दुकानानं स्वतःचं खरं टोकन लावलं आणि ऑर्डर नंबर मात्र ब दुकानाचा टाकला तर तुमची सर्व्हिस काय करते? टोकन खरं आहे बघते, पुढं जाते, मोठ्या टोकनानं ब चं गिऱ्हाईक, पत्ता, मोबाईल सगळं आणून अ च्या हातात देते.

आपल्या मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान डोळ्यासमोर आण. वखारीच्या किल्ल्या दिवाणजीकडं असतात. ओळखीचा माणूस चिठ्ठी घेऊन आला, पन्नास रवे द्या, आणि दिवाणजीनं माणूस ओळखला म्हणून कुलूप काढलं, पण ते रवे त्या माणसाचे आहेत का हे वहीत बघितलंच नाही. दिवाणजी चोर नाही, त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावर स्वतःकडची किल्ली वापरली एवढंच. नॉर्म हार्डी नावाच्या माणसानं १९८८ मध्ये ह्यालाच 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' असं नाव दिलं. उपाय वहीचाच आहे. दुकान कोणतं हे फक्त टोकनवरून ठरवायचं, रिक्वेस्टच्या आत लिहिलेल्या दुकान नंबरवर कधीच नाही, आणि प्रत्येक ऑर्डर त्या दुकानाची आहे का हे मोठं टोकन हातात घ्यायच्या आधी बघायचं. कुरियर मर्यादित अधिकाराची वेगळी टोकनं देत असेल तर तीच घे.

हेडरचं, म्हणजे रिक्वेस्टच्या वर लावलेल्या माहितीच्या ओळींचं, थोडक्यात सांगते. आलेले हेडर जसेच्या तसे पुढं ढकलू नको, नाहीतर दुकानाचं टोकन कुरियरच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) जाऊन बसतं. हवे तेवढेच घेऊन नवीन रिक्वेस्ट बांध. कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग (मजकूर कुठं संपतो ते ठरवणारे दोन हेडर) दोन्ही एकदम असलेली रिक्वेस्ट तर दारातूनच परत पाठव, कारण तुझा सर्व्हर एकावर मोजतो आणि पुढचा दुसऱ्यावर, आणि त्या फरकात दुसरीच रिक्वेस्ट लपून आत जाते. २००५ पासून हे माहीत आहे आणि तरी अजून सापडतं.

आणि लॉग. हे मी स्वतः भोगलंय. एका कामात आम्ही तपासणीसाठी सगळे हेडर लॉगमध्ये लिहायला लावले होते आणि ते काढायचं राहून गेलं, चार महिन्यांनी फाईल उघडली तर प्रत्येक ओळीत चालू टोकन. कुणी नेलं की नाही कळायला मार्ग नव्हता, रात्रभर बसून सगळी टोकनं बदलली. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आहे, म्हणजे लॉग तर ठेवायचेच, पण टोकनचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी काही त्यात दिसता कामा नये.

प्रश्न: आमचं इचलकरंजीत सुताचं दुकान आहे. पैसे जमा झाले की पेमेंटवाल्याकडून आमच्या सर्व्हरला निरोप येतो आणि माल सोडायची पावती आपोआप निघते. निरोप खरंच त्यांच्याकडून आला हे कसं ओळखायचं? सही जुळत नाही म्हणून आमच्या डेव्हलपरनं तपासणी बंद ठेवलीय.

उत्तर: दादा, ती आधी चालू करायला सांगा, कारण आत्ता तो पत्ता ज्याला माहीत आहे तो कुणीपण पैसे न भरता तुमची पावती काढू शकतो.

सही जुळत नाही ह्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ती सही आलेल्या मजकुराच्या बाईट-न्-बाईटवर केलेली असते. तुमचा डेव्हलपर आधी जेसन (निरोपाचा मजकूर ज्या मांडणीत येतो ती) उघडतो आणि मग पुन्हा बांधून त्यावर सही काढतो, त्यात एखादी स्पेस गेली किंवा १००.०० चं १०० झालं की सही वेगळी येणारच. त्याला म्हणावं कच्चा मजकूर जसा आला तसा धर, त्यावर एचमॅक (तुम्हाला आणि पेमेंटवाल्यालाच माहीत असलेल्या गुप्त किल्लीनं काढलेली सही) काढ, आणि तुलना साध्या बरोबरच्या चिन्हानं न करता त्यासाठीचं जे तयार फंक्शन असतं त्यानं कर. निरोपात वेळ असेल आणि तीपण सहीच्या आत असेल तर पाच मिनिटांपेक्षा जुना निरोप सोडून द्यायचा. प्रत्येक निरोपाचा नंबर लिहून ठेवायचा, तोच परत आला तर पावती परत काढायची नाही, कारण उत्तर वेळेत मिळालं नाही की पेमेंटवाले तोच निरोप पुन्हा पाठवतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न: ताई, आमच्या मधल्या सर्व्हिसवरून एकच पार्सल दोनदा बुक झालं. कुरियर म्हणतंय तुम्हीच दोनदा पाठवलं, आमचं म्हणणं पहिलं फेल झालं होतं.

उत्तर: ते फेल नव्हतं झालं, टाईमआऊट झालं होतं. टाईमआऊट म्हणजे मला उत्तर मिळालं नाही एवढंच, तिकडं काम झालेलंही असू शकतं. पाठवायच्या आधी ऑर्डरसाठी एक किल्ली-नंबर बनवून डेटाबेसमध्ये लिहून ठेवा आणि परत पाठवताना तोच नंबर लावा, कुरियर तशी सोय देत असेल तर ते दुसरं बुकिंग करणार नाहीत. सोय नसेल तर परत पाठवण्याआधी त्यांना विचारा, ह्या ऑर्डरचं बुकिंग आहे का, आणि नाही म्हणाले तरच पुढं जा.