डिस्ने वर्ल्डच्या रिसॉर्टमध्ये आई-वडिलांना घेऊन जेवायला कुठलं भारी रेस्टॉरंट निवडावं?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून सहा जण ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालात. तुम्ही दोघं, 8 आणि 13 वर्षांची लेकरं आणि शाकाहारी आई-वडील. तिथल्या महागड्या रेस्टॉरंटपैकी एक-दोनच परवडतील, तर कुठली घ्यावीत? आम्हीही नांदेडहून असेच सहा जण गेलो होतो, वडील माळकरी. म्हणून जे अनुभवलं ते सांगतो.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सचं नाव तुम्हाला सगळ्यात आधी कानावर येईल. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं हे रेस्टॉरंट, 2024 साली त्याला मिशेलिनचा, म्हणजे जगभर मानल्या जाणाऱ्या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा, एक स्टार मिळाला. पण 10 वर्षांखालच्या मुलांना तिथं प्रवेशच नाही, म्हणजे तुमचं धाकटं लेकरू बाहेर. शिवाय एकामागून एक पदार्थ येत राहतात, जेवण लांबतं. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच जावं असं ते ठिकाण आहे. या वेळी सोडून द्या.

माझं पहिलं मत सना या रेस्टॉरंटला. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात आहे. डिस्नेच्या सगळ्यात महागड्या गटात ते मोडत नाही, पण तुमच्या घरच्या माणसांसाठी त्याच्या तोडीचं दुसरं मला दिसलं नाही. आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ आहे. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा: पाच तऱ्हेच्या भाकऱ्या म्हणा हवं तर, नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असं सगळं, आणि सोबत नऊ वाट्या. त्यात कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं. चार दिवस फ्राइज आणि पिझ्झा खाऊन कंटाळलेल्या वडिलांनी कुलच्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. आईनं लोणच्याची वाटी आपल्याकडे ओढून घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

खिडकीबाहेर मोकळं रान, त्यात जिराफ आणि झेब्रे चरतात. पण अंधार पडला की काही दिसत नाही, म्हणून उजेड असतानाची वेळ घ्या. खिडकीजवळचं टेबल आधी राखून मिळत नाही, दारात गेल्यावर विनंती करा. म्हातारी माणसं सोबत पाहून आम्हाला दिलं. जेवणानंतर लॉजच्या आवारात फिरलो, तिथं अंकोले जातीची गुरं आहेत, हात-दीड हात लांब आणि मांडीएवढी जाड शिंगं. वडिलांनी जन्मभर देवणी बैल सांभाळले. ते त्या कठड्याला धरून अर्धा तास उभे होते, खुरं बघत होते, वशिंड बघत होते. त्या हॉटेलात जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरं कॅलिफोर्निया ग्रिल. कंटेम्पररी रिसॉर्टच्या 15व्या मजल्यावर. मॅजिक किंगडम या डिस्नेच्या मुख्य पार्कातली आतषबाजी वरून दिसते, त्या वेळी आतले दिवे मंद करतात, संगीत लावतात. लेकरांसाठी हे घ्या. आतषबाजीची वेळ रोज सारखी नसते, त्या तारखेची वेळ पाहूनच टेबल घ्या. इथं तीन टप्प्यांचं ठरावीक किमतीचं जेवण असतं. आणि डिस्नेच्या हिशेबात 10 वर्षांपासून पुढं मोठं माणूस, म्हणजे तुमच्या थोरल्याचे पूर्ण पैसे.

खाण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी अंडं असू शकतं. अंडं नको हे बुकिंग करतानाच लिहा आणि टेबलावर पुन्हा सांगा. आमच्याशी शेफ स्वतः येऊन बोलला, एकेक पदार्थ समजावून सांगितला. 'प्लांट-बेस्ड' लिहिलेल्या पदार्थात अंडंही नसतं आणि दूधही नसतं.

माझ्याकडून एक चूक झाली ती तुम्ही करू नका. दोन महिने आधी बुकिंग करताना पंचांग पाहिलं नाही, आणि एका महागड्या ठिकाणचं जेवण नेमकं एकादशीला आलं. वडील फळांची बशी समोर घेऊन बसले. 'तुम्ही जेवा रे' म्हणाले, पण आमच्या कुणाच्याच घशाखाली घास उतरेना. तेव्हा घरात उपास-तापास असतील तर आधी कालनिर्णय उघडा, मग तारीख ठरवा.

कपड्यांची काळजी नको. नीटनेटके कपडे हवेत एवढंच. वडील धोतर, पांढरा सदरा आणि टोपीत गेले, दारातल्या मुलीनं हसून आत नेलं.

सहा जण असाल तर बिलात 18 टक्के टिप आधीच धरलेली असते, वर कर वेगळा. बिल वाचून मगच सही करा, नाहीतर टिप दोनदा जाते.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तिथल्या सकाळी 6 वाजता. उन्हाळ्यात म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर पोचण्याच्या दिवसापासून मोजून पुढच्या 10 दिवसांपर्यंतचं सगळं एकाच दिवशी राखता येतं. कार्ड नंबर द्यावा लागतो आणि वेळेत रद्द न करता गेला नाहीत तर माणशी दंड कापतात. सहा जणांची टेबलं कमी असतात, तेव्हा कॅलिफोर्निया ग्रिल आधी पकडा, सना त्यानंतर लगेच. तारखा ठरल्या की इथं कळवा, आतषबाजीच्या वेळेशी जुळवून कुठल्या वाजताचं टेबल घ्यायचं ते पाहून सांगतो.