पाच जणांत वाजवताना

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित करण्याचे तू मनावर घेतलेस याचा मला फार आनंद झाला. मात्र त्यासाठी आपल्या लग्नाच्या बँड पथकातल्या अठरा जणांना घेऊन पुण्याच्या स्टुडिओत जाण्याचा तुझा बेत मला पटलेला नाही. पाचच जण वाजवू लागले तर आवाज तोकडा पडेल, असे तू लिहितोस. मला नेमके उलटे वाटते आणि तसे वाटायला अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग कारण आहे.

१९४७ साली तो ४५ वर्षांचा होता आणि कितीतरी वर्षे मोठ्या वाद्यवृंदापुढे उभा राहून ट्रम्पेट वाजवत आला होता. महायुद्धानंतर असे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले होते, तेव्हा त्याच्या निर्णयामागे पैशाचाही भाग होता, हे तुझ्यापासून लपवण्याचे कारण नाही. १७ मे रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तो मोजक्या वादकांबरोबर वाजवायला उभा राहिला आणि त्याच वर्षी मोठा वाद्यवृंद सोडून त्याने ‘ऑल स्टार्स’ हा सहा जणांचा संच बांधला. मी याला परतणे म्हणतो, कारण १९२५ पासून शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ या नावाने ज्या ध्वनिमुद्रिकांनी त्याचे नाव केले, त्या पाच जणांच्याच होत्या. त्यांत ड्रमसुद्धा नव्हता.

या परतण्याचे फळ मला सर्वांत स्पष्ट ऐकू येते ते जुलै १९५४ मधल्या ध्वनिमुद्रणात. शिकागोतच ब्लूज गाण्यांचे रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी यांची गाणी त्याने या लहान संचाबरोबर वाजवली. तरुणपणी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मिळत. इथे लाँग प्ले तबकडीमुळे ‘सेंट लुइस ब्लूज’ जवळजवळ नऊ मिनिटे चालते. क्लॅरिनेट वरून वेल चढवत जाते, ट्रॉम्बोन खालून आधार देतो आणि तो स्वतः मधोमध मूळ चाल धरून राहतो. तिशीत तो वरच्या सुरांची रांगच्या रांग लावत असे; त्या हट्टापायी ओठ इतके दुखावले की त्याला काही महिने वाद्य खाली ठेवावे लागले होते. १९५४ मध्ये तो सूर मोजके घेतो, पण एकेक सूर अशा जागी ठेवतो की तिथे दुसरा कोणताही शोभला नसता. हे ध्वनिमुद्रण तू निदान दहा वेळा ऐक आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याच्या मागे जा.

आता तुझ्याविषयी. वरातीत आपण दोन-तीन तास ताशा आणि जनरेटर यांच्यावर मात करत फुंकतो. तुझा दम संपला तर शेजारचा ट्रम्पेट सूर उचलून धरतो, त्यामुळे तुझा सूर कुठे तुटला हे तुलाही कळत नाही. तीस वर्षे पथकात काढल्यानंतर मी पहिल्यांदा चार जणांबरोबर ध्वनिमुद्रण केले आणि ऐकायला बसलो, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर मी अर्ध्यावरच सोडत होतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, पण पुढे जे काही थोडे शिकलो ते तिथूनच शिकलो. हे ऐकण्याची संधी तू अठरा जणांच्या गर्दीत घालवू नयेस, एवढ्याचसाठी हे पत्र लिहितो आहे.

स्टुडिओत सर्वांनी एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसावे. प्रत्येकाचे वेगळे वाजवून नंतर जोडण्याचा मोह टाळावा. क्लॅरिनेटची पाळी आली की तू दोन पावले मागे सर. १९२३ मध्ये आपला गुरू किंग ऑलिव्हर याच्या संचात ध्वनिमुद्रण करताना तरुण आर्मस्ट्राँगचा आवाज इतरांना झाकून टाकी, म्हणून त्याला बराच दूर उभे केले होते, असे सांगतात. तेव्हा यात कमीपणा मानू नकोस. ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी मऊ आवाजाचे तारांचे ब्रश आणायला सांग. लग्नाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण मुळीच ठेवू नकोस, सुजलेल्या ओठांनी हळू सूर लागत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर ओठ सकाळपासूनच कोरडे पडलेले असतात. सर्वांत संथ रचना आधी घे, ओठ ताजे असताना.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की लग्नसराईआधी एखाद्या संध्याकाळी वाद्य घेऊन घरी ये. शेजारचे माग बंद झाल्यावर माझ्या खोलीत पुरेशी शांतता असते. फोनवरच मुद्रित करून ऐकू. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांशी मी बोललो आहे, ते येणार आहेत. कोणत्या पट्टीत वाजवायचे, तेवढे त्यांना आधी कळव.

तुझा,
मास्तर