मराठवाड्यात राहून टूर डिव्हाइडची तयारी होऊ शकते का? सायकल कोणती घ्यावी?

होते. त्यासाठी पुण्याला बिऱ्हाड हलवायची गरज नाही.

टूर डिव्हाइड ही सायकल शर्यत: कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेतून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंत साधारण ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता, आणि घड्याळ झोपेतही चालूच. २०१६ मध्ये माइक हॉल या ब्रिटिश सायकलस्वाराने ते चौदा दिवसांच्या आत संपवलं. पण मला त्या आकड्यापेक्षा नियम मोठा वाटतो: मागे गाडी नाही, ठरवून उभी केलेली माणसं नाहीत. दुकान, लॉज, जे कुणालाही मिळतं तेवढंच घ्यायचं.

पुण्यातला माझा मावसभाऊ कायम म्हणतो, "तुमच्याकडं डोंगर कुठं आहेत? सगळी सपाट रानं." बीडच्या माणसानं हे का ऐकून घ्यावं? मांजरसुंबा, कपिलधार, धारूर, सगळा बालाघाटच आहे.

एकदा गणपतीच्या दिवसांत नेकनूरहून पाणंदींनी धारूरला निघालो होतो. सोयाबीन शेंगांवर आलेलं. अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. भिजलेली काळी माती आधी टायरला धरते, मग फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, भरते, आणि चाक फिरायचंच थांबतं. ढकलताही येत नाही, उचलावीच लागते. बाभळीच्या फोकानं माती काढायची, थोडं चालायचं, परत काढायची. रानातली एक आजी म्हणाली, "लेकरा, वाटंनं कशाला मरतूस, बांधावरच्या गवतातनं चाल की." तो सल्ला मी आजही पाळतो. पुढं मातीबरोबर काडीकचरा डिरेलरमध्ये, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअर बदलणाऱ्या भागात, ओढला गेला आणि तो ज्यावर बसतो तो हँगर तुटला. लिंबाखाली बसून चेन तोडली, डिरेलर काढून पिशवीत टाकला, चेन आखूड करून एकाच गिअरवर जोडली. तेवढ्यात मावसभावाचा फोन, "थांब तिथंच, ओळखीच्याची जीप पाठवतो." नको म्हणालो. दिवेलागणीला धारूरला पोचलो, स्वतःच्या पायांनी.

मोंटानात आणि न्यू मेक्सिकोत पाऊस झाला की तिथली चिकणमातीही अशीच चाकं धरते, भलेभले सायकल घेऊन चालतात. ती तयारी इथल्या पाणंदीवर होते, गुळगुळीत घाटरस्त्यावर नाही.

सायकल हार्डटेलच घ्या, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, २९ इंची चाकांची. टायर आणि फ्रेममध्ये बोटभर जागा हवी. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, भरा, नाहीतर वेड्या बाभळीचे काटे रोज पंक्चर काढायला बसवतील. मावसभाऊ फुल सस्पेन्शनचा, म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेल्या सायकलीचा, आग्रह धरतो. त्यातल्या बहुतेक सायकलींत मागचं चाक वरखाली होताना चेनचा ताण बदलतो, म्हणजे मी लिंबाखाली केलेली दुरुस्ती तिथं टिकत नाही. ओसाड रानात कोणती सायकल चालती राहील, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक मात्र खरं, त्या मार्गावरची इंडियाना पास ही खिंड ३,६०० मीटरच्या वर आहे आणि आमचा बालाघाट हजारालाही पोचत नाही. विरळ हवेची आणि थंडीची सवय इथं होणार नाही, त्यासाठी आधी लडाख किंवा स्पितीत राहून या. मे महिन्यात दहा ते चार सायकल बाहेर काढू नका. एकटे निघालात तर वाट घरी लिहून ठेवा.

गाडी मागे ठेवून सराव मात्र करू नका. सह्याद्रीत केलात तरी तो या शर्यतीचा सराव नाही. मावसभावानं पाऊस पडल्यावर नेकनूर ते धारूर एकदा एकट्यानं यावं, मग डोंगर कुठं आहेत ते आपण बोलू.