नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात ब्रेक (डावाचा पहिला फटका) करणाराच जिंकत राहतो, यावर उपाय काय?

आधी ब्रेक आळीपाळीने करा. जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक मिळत असेल तर समोरचा खुर्चीत बसून राहतो, आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं. पहिला ब्रेक कोणाचा, हे नाणं उडवून ठरवू नका, लॅग करा, म्हणजे दोघांनी एकेक बॉल समोरच्या कुशनला मारून परत आणायचा, ज्याचा आपल्या बाजूच्या कुशनच्या जास्त जवळ थांबेल त्याचा ब्रेक. त्यात निदान हाताचं कसब लागतं.

पण खरी गोम रॅकमध्ये, म्हणजे नऊ बॉलच्या चौकटच्या आकाराच्या मांडणीत आहे. तिच्या टोकाला १ नंबर असतो आणि मध्यभागी ९ नंबर. १ नंबरचा बॉल स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून रॅक घट्ट लावला आणि क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) बाजूच्या कुशनजवळून मारला, की रॅकच्या कडेचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जवळजवळ ठरलेल्या वाटेनेच जातो. सरावलेला खेळाडू मग जोरही लावत नाही, हलक्या हाताने तोच बॉल घालतो. म्हणून अनेक मोठ्या स्पर्धांत ९ नंबरचा बॉल स्पॉटवर ठेवतात. अख्खा रॅक ब्रेक करणाऱ्याच्या दिशेने पुढे सरकतो आणि कडेच्या बॉलची ती वाट मोडते. मात्र आता १ नंबर मधल्या पॉकेटात जायला लागतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. ब्रेक करताना क्यू बॉल टेबलाच्या मधल्या ठरावीक चौकटीतच ठेवायचा, आणि किमान तीन बॉल पॉकेटमध्ये गेले पाहिजेत किंवा हेड स्ट्रिंग (ब्रेक करणाऱ्याच्या बाजूची आडवी रेषा) ओलांडून आले पाहिजेत, अशी अट घाला. हलका ब्रेक तिथेच संपतो.

मित्रांमध्ये खेळत असाल तर रॅक प्रतिस्पर्ध्याने किंवा तिसऱ्याने लावावा. आणि ब्रेकवर ९ नंबर गेला तर फ्रेम जिंकली असं धरू नका, तो परत स्पॉटवर ठेवून खेळ चालू ठेवा.