वाचकांचे प्रश्न : वाढत्या संकेतस्थळासाठी होस्टिंग कोणाचे घ्यावे?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ निफाड तालुक्यात राहतो. शेती सांभाळून तीन वर्षांपूर्वी आम्ही कांद्याच्या बाजारभावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर आणि उमराणे येथील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर आम्ही त्यावर रोज टाकतो. सुरुवातीला दिवसाला दोन-अडीचशे लोक येत. आता हंगामात आठ-नऊ हजार येतात. दर टाकून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दुवा पाठवला की पुढच्या दहा मिनिटांत त्यांतले निम्म्याहून अधिक येऊन जातात आणि नेमक्या त्याच वेळी साइट बंद पडते. पडद्यावर ५०८ असा आकडा दिसतो. होस्टिंग कंपनीला विचारले, तर 'वरचा प्लॅन घ्या' एवढेच उत्तर मिळते. धाकटा भाऊ थोडेफार प्रोग्रॅमिंग शिकलेला आहे. आम्हाला एखाद्या विश्वासू कंपनीचे नाव सांगावे.
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : कंपनीकडे वळण्याआधी त्या ५०८ चा अर्थ समजून घ्यावा, कारण आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सामाईक जागेत, एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. त्यांतल्या एकानेच सगळा सर्व्हर अडवून ठेवू नये, म्हणून प्रत्येक खात्याला एका वेळी किती प्रक्रिया, म्हणजे पान तयार करण्याची किती कामे, चालवता येतील, याची मर्यादा घातलेली असते. ती ओलांडली की सर्व्हर ५०८ दाखवून पुढच्या माणसाला दारातूनच परत पाठवतो. समजा, ही मर्यादा २० आहे आणि आपले एक पान तयार व्हायला २ सेकंद लागतात. मग सेकंदाला १० आणि मिनिटाला ६०० पाने, यापलीकडे ते खाते जाऊच शकत नाही. दहा मिनिटांत पाच हजार माणसे आली आणि प्रत्येकाने दोन बाजार समित्यांचे दर पाहिले, तर मागणी मिनिटाला हजार पानांवर जाते. साइट पडणारच.

आता याच हिशेबाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. पान २ सेकंदांऐवजी अर्ध्या सेकंदात तयार झाले, तर त्याच खात्यातून मिनिटाला २,४०० पाने जातील. आपले दर दिवसातून तीन-चार वेळाच बदलतात, तरीही पान प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसमधून नव्याने जुळवले जात असावे, असा माझा अंदाज आहे. दर टाकल्यावर पान एकदाच तयार करून ठेवावे आणि पुढचा दर येईपर्यंत सर्वांना तेच द्यावे. याला कॅशे म्हणतात आणि धाकट्या भावाला हे काम आठवडाभरात जमण्यासारखे आहे. वरच्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी एवढे अवश्य करून पाहा. आपल्यासारख्या साइटला पुष्कळदा मोठ्या सर्व्हरची नव्हे, तर एवढ्याच दुरुस्तीची गरज असते.

तरीही होस्टिंग बदलावे, असेच माझे मत आहे. आपली मर्यादा किती, ती दिवसातून किती वेळा ओलांडली गेली आणि वरच्या प्लॅनमध्ये ती किती होईल, हे तीन आकडे आपल्या कंपनीने न विचारता सांगायला हवे होते. विश्वासू कंपनीची मी मानलेली पहिली खूण हीच आहे की ती आपल्या मर्यादा आकड्यांत सांगते. म्हणून मी आपल्याला एकच नाव देत नाही. एकाच कंपनीचा एक प्लॅन उत्तम आणि दुसरा अगदी सुमार असू शकतो, आणि मी आज दिलेले नाव वर्षभराने तितकेच चांगले राहील, याची हमी मला देता येणार नाही. त्याऐवजी ज्या तीन-चार कंपन्या आपल्या मनात असतील, त्यांना पैसे भरण्याआधी, शक्यतो रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, एक ईमेल पाठवा. एका खात्याला एकाच वेळी किती प्रक्रिया, किती मेमरी आणि किती फाइली मिळतात. बॅकअप कोणत्या शहरात, किती दिवसांचा ठेवला जातो आणि तो परत चढवून द्यायला किती वेळ व किती पैसे लागतात. आणि उद्या आम्ही सोडून जायचे ठरवले, तर सगळा डेटा कसा मिळेल, एवढेच विचारा. जिथून नेमके उत्तर येईल, ती कंपनी यादीत ठेवा. जिथून नुसते जाहिरातीचे पान येईल, ती खोडून टाका.

जाहिरातीत '९९.९ टक्के अपटाइम', म्हणजे साइट तेवढा वेळ चालू राहील, असे लिहिलेले असते. हा आकडा मोठा वाटतो, पण वर्षाचे ८,७६० तास धरले, तर उरलेला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास होतात. महिन्याचा हिशेब केला, तर सुमारे ४३ मिनिटे. ही ४३ मिनिटे मध्यरात्री गेली, तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. लिलावानंतर गेली, तर त्या दिवसाचे काम वाया गेले. शिवाय हमी मोडल्यावर मिळते ती बहुधा पुढच्या बिलातली थोडी सूट, आणि आधी कळवून केलेली देखभालीची बंदी बहुतेक करारांत या हिशेबात धरलेलीच नसते. म्हणून टक्केवारीवर फार विसंबू नये. पाच-पाच मिनिटांनी आपली साइट तपासून बंद पडल्यास फोनवर कळवणाऱ्या सेवा मोफत मिळतात. तशी एक सेवा लावून महिनाभराची नोंद स्वतः ठेवावी.

सर्व्हर कुठे आहे, हेही विचारा. आपले वाचक नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांत असताना साइट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवण्यात काहीच हशील नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून तो किनारा बारा हजार किलोमीटरांहून दूर असल्याने केवळ जाऊन येण्यालाच निदान १२० मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. पूर्वी भारतातले सर्व्हर महाग आणि मोजके होते, पण मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली, आणि लहान होस्टिंग कंपन्याही आता मुंबईतली जागा देतात. खाते उघडताना शहर निवडायचा पर्याय येतो. तिथे घाई करू नका, कारण पुष्कळदा परदेशातले शहर आधीच निवडलेले असते.

पुढचा टप्पा म्हणून कोणी आपल्याला व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र हिस्सा, घ्यायला सुचवील. तो घ्यायला हरकत नाही, पण 'मॅनेज्ड', म्हणजे देखभाल कंपनीकडे असलेला, असेल तरच. स्वस्त व्हीपीएसमध्ये रिकामे यंत्र मिळते. त्याचे सुरक्षेचे अपडेट, त्यावरचा पहारा आणि रात्री-अपरात्री ते अडकले तर जागे होणे, हे सारे आपल्याकडे येते. कांदा काढणीच्या दिवसांत आपल्या घरातले कोण हे करणार, याचा विचार आधी करा. किंमत पाहताना पहिल्या वर्षाची नव्हे, तर तीन वर्षांची एकूण बेरीज करावी. पहिल्या वर्षाची सवलत संपली की नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट झालेला दिसतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो.

आता बॅकअपविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे होते. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा बॅकअप होत असे आणि तो झाल्याची नोंद सकाळी ईमेलने येत असे. एके दिवशी सर्व्हरची डिस्क निकामी झाली. होस्टिंग कंपनीने स्वतः ठेवलेला बॅकअपही त्याच यंत्रावर होता, तो गेला. आमच्या फाइली मात्र दुसरीकडे होत्या, म्हणून मी निश्चिंत होते. पण यादी उघडली तेव्हा दिसले की शेवटच्या अकरा महिन्यांतली प्रत्येक फाइल बरोबर २० बाइटची आहे. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या आज्ञेत जुनाच राहिला होता. आत काहीही न भरता बांधलेल्या जीझिप, म्हणजे आकार दाबून लहान केलेल्या, फाइलचे वजन एवढेच असते. वाचनालयातल्या दोन कर्मचाऱ्यांनी दाखल नोंदवही समोर ठेवून अकरा महिन्यांची पुस्तके पुन्हा एकेक करून टाइप केली. त्यांचे ते श्रम मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी बॅकअप झाला की नाही असे विचारत नाही. तो परत चढवून पाहिला का, असे विचारते. दर तीन महिन्यांनी एकदा बॅकअपची फाइल घरच्या संगणकावर उतरवा, त्यावरून साइट उभी करा आणि मागच्या आठवड्यातला एखादा लासलगावचा दर तिथे दिसतो का, ते पाहा. एक प्रत होस्टिंग कंपनीच्या बाहेर आणि दुसऱ्या शहरात असलीच पाहिजे. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या कंपनीचे पाच मजली डेटा सेंटर आगीत जळून गेले. जीवितहानी झाली नाही, पण ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. कंपनी मोठी असली तरी इमारत शेवटी इमारतच असते.

प्रत्यक्ष स्थलांतर लिलाव बंद असतील अशा दिवशी करा. त्याच्या दोन दिवस आधी डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, डीएनएस नोंदींमधला (हे नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचे, ते सांगणाऱ्या नोंदी) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे नवा पत्ता सर्वत्र लवकर पोचेल. आपला ईमेल याच डोमेनवर असेल, तर त्याच्या एमएक्स नोंदी, म्हणजे पत्रे कोणत्या सर्व्हरवर पोचवायची ते सांगणाऱ्या नोंदी, उतरवून घ्या. घाईत याच विसरल्या जातात आणि पत्रे यायची थांबतात. मराठी संकेतस्थळांची एक खास काळजी सांगते. जुना डेटाबेस इंग्रजीसारख्या लिपींसाठीच्या लॅटिन अक्षरसंचावर असेल आणि नवा सर्व लिपी सामावणाऱ्या यूटीएफएट एमबीफोर या संचावर, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच चिन्हे उमटतात. आधी चाचणीच्या पत्त्यावर साइट चढवून 'उन्हाळ कांदा', 'सर्वसाधारण', 'पिंपळगाव' हे शब्द नीट दिसतात ना, ते पाहा. मगच डोमेन वळवा आणि जुने खाते पुढचा महिनाभर चालू ठेवा.

प्रश्न : आखाती देशातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संकेतस्थळाचे डोमेन एका माजी कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेले आहे. ते आता पुण्यात स्थायिक झाले आहेत. मुदत दोन महिन्यांत संपते. चांगल्या होस्टिंगकडे जाताना याची अडचण येईल का?
— मंडळाचे कार्यवाह

उत्तर : येईल, आणि होस्टिंगच्या आधी हेच सोडवावे. डोमेनच्या नोंदीत ज्यांचे नाव आणि ईमेल आहे, त्यांनाच डोमेन नोंदवणारी कंपनी मालक मानते. वार्षिक सभेचा ठराव तिला ठाऊक नसतो. त्या गृहस्थांना आजच फोन करा, त्यांच्याच खात्यातून आधी नूतनीकरण करून घ्या आणि मग नोंद मंडळाच्या नावावर वळवा. 'डॉट कॉम'ची मुदत टळल्यावर कंपनीकडून जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते, पण ती किती द्यायची हे त्या कंपनीवर असते. पुढचे ३० दिवस मोठा दंड भरून ते सोडवता येते आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. नव्या नोंदीसाठी कार्यकारिणीतल्या निदान दोघांना उघडता येईल असा सामाईक ईमेल ठेवा, मात्र तो याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले की ते सोडवण्याचे पत्रही त्याच बंद पेटीत जाईल. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवावे, असाही माझा सल्ला आहे. होस्टिंगवाल्याशी बिनसले, तरी नाव आपल्या हातात राहते.

प्रश्न : 'अमर्याद जागा' असा प्लॅन घेतला असूनही आमच्या पुस्तकविक्रीच्या साइटवर नवी छायाचित्रे चढत नाहीत. जागा तर निम्मीही वापरलेली नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली जागा नव्हे, फाइलींची संख्या भरली असावी. नियंत्रण पॅनेलमध्ये 'आयनोड' असा आकडा शोधा. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर आणि ईमेलचे प्रत्येक पत्र त्यात एक म्हणून मोजले जाते. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली आपण वापरत असाल, तर ती एका छायाचित्राच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करते, त्यामुळे पाच हजार मुखपृष्ठांच्या सहज तीस-चाळीस हजार फाइली होतात. जुन्या कॅशेच्या फाइली आणि टपालपेटीतला कचरा काढून टाका, ज्या आकाराच्या प्रती वापरात नाहीत त्या बनवणे बंद करा आणि मग आकडा पुन्हा पाहा. तो तरीही मर्यादेच्या जवळ राहिला, तर मुखपृष्ठांसाठी वेगळी साठवण घ्यावी. पूर्ण साइट हलवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.